शहादेवचं रोजचं एक पान

आष्टीच्या आमच्या शाळेत शहादेव क्लार्क आहे. कादंबरी लिहायची, असं आम्ही दोघांनी एकाच दिवशी ठरवलं. मी आठ दिवसांत गळपटलो. हा पठ्ठ्या मात्र पाच वर्षं रोज सकाळी सहाला बसतो, मोबाइल ज्वारीच्या कोठीत टाकतो आणि एक पान लिहूनच उठतो. घरात लग्न असो की ताप, खाडा नाही. मला त्याचा राग यायचा, हे कबूल करतो.

लिहिलेलं पान तो लगेच आईला, पारूबाईंना, वाचून दाखवायचा. त्या अंगणात ज्वारी निवडत ऐकायच्या. अक्षरओळख नव्हती, पण खोटं वाक्य त्यांना बरोबर कळतं, असं तो म्हणायचा.

कादंबरी मायाची होती. माया म्हणजे शहादेवची थोरली बहीण. आईबाप ऊस तोडायला फडात गेले की कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत, ती भावाला सांभाळायची. बारा वर्षांची असताना कालव्यावर पाणी आणायला गेली आणि बुडाली. खरं तर त्या सकाळी आईने पाणी आणायला शहादेवला सांगितलं होतं. त्याच्या हातात गोष्टीचं पुस्तक होतं, म्हणून त्याने बहिणीला पाठवलं. तीस वर्षांत हे त्याने आईला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं, तेही मान खाली घालून.

कादंबरी कालव्यापाशी आली आणि हा कचरला. कादंबरीत त्याने मायाला घागर भरून परत आणलं. मग शाळेत घातलं, मोठं केलं, जवळच्या कडा गावी नांदायला धाडलं. "आता घरात मला तिच्या बांगड्या ऐकू येतात," तो एकदा म्हणाला. मी त्याची टर उडवली. पुढे त्याच्या घरी गेलो, तर माणसं तीन आणि पारूबाईंनी चहाचे कप मांडले चार. माझं हसू तिथेच जिरलं.

यंदा नागपंचमी आठवड्यावर आली तेव्हा पारूबाई त्याला म्हणाल्या, "शादेवा, समद्यांच्या लेकी माहेरी येऊ लागल्या. तू मुराळी होऊन मायाला आणायला कावून जाईना?"

शहादेव हादरला. आपणच आईला वेड लावलं, असं त्याला वाटलं. दुसऱ्या दिवशी पाच वर्षांच्या वह्या बाजूला सारून त्याने ते टाळलेलं पान लिहिलं. आईने सांगितलेलं काम, हातातलं पुस्तक, "ताई, तू जा" हे शब्द, सगळं जसंच्या तसं. अंगणात बसून ते आईला वाचून दाखवलं.

पारूबाईंनी सूप खाली ठेवलं.

"पाच वर्सं झाली, रोज वाट बगते, कवा लिव्हतोस म्हून. मला म्हाईत हाय ती न्हाई ते. आन् ती कावून गेली ते बी."

शहादेवने वही मिटली.

"मी फडाकडं निघाले व्हते. वळून बगितलं, तर घागर मायाच्या डोक्यावर. रातीपासून ताप व्हता तिला. हाक मारावी वाटलं. पर म्हणलं, पोरगं वाचतंय, वाचू दे."

मग वहीकडे बोट करून त्या म्हणाल्या, "हे बी लिव्ह."