बैठकीआधी झालेली बैठक

आमच्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेची मी पहिली स्त्री अध्यक्ष झाले. त्याआधी नऊ वर्षं चिटणीस होते. नोटिसा काढायच्या, इतिवृत्त लिहायचं, हॉलही मीच बुक करायचा. निवडून आले तेव्हा आईने काळाचौकीत चाळभर पेढे वाटले.

पहिल्याच बैठकीत वार्षिक परिषदेचे वक्ते ठरवायचे होते. दादरच्या हॉलमध्ये मी टिपणं घेऊन बसले, तर यादी टाइप होऊनच आली. बारा नावं, बाराही पुरुष.

"हे कधी ठरलं?" मी विचारलं.

"सकाळी फिरताना बोलणं झालं, मॅडम," माजी अध्यक्ष म्हणाले. "तुम्हाला कशाला त्रास?"

मी निर्णय पुढच्या बैठकीवर टाकला.

ही चार-पाच ज्येष्ठ मंडळी रोज शिवाजी पार्कला फिरतात हे मला ठाऊक होतं. आमचा कारभार तिथे चालतो, हे मात्र नऊ वर्षं इतिवृत्त लिहूनही कळलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला मी परळहून तिथे गेले. लांबून त्यांचे हातवारे दिसले; मी जवळ जाताच त्यांनी हसून मला सामावून घेतलं. कुणाचे गुडघे, कुणाची नात, असं बोलणं झालं. परिषदेचा विषय निघेना. तिसऱ्या फेरीला पाय दुखतात म्हणून मी कट्ट्यावर बसले. ते पुढे गेले, आणि थोड्या अंतरावर त्यांचे हातवारे पुन्हा सुरू झाले.

पुढच्या बैठकीत मी सांगितलं, इथे चर्चा न झालेलं काहीही इतिवृत्तात जाणार नाही. पाच स्त्री डॉक्टरांची नावं सुचवली. तीन मान्य झाली. कुणी भांडलं नाही. भांडले असते तर बरं वाटलं असतं. नंतर सगळे जेवायला निघाले, मला कुणी विचारलं नाही.

कार्यकारिणीतली दुसरी स्त्री माझ्याच हाताखाली शिकलेली. ती जिन्यात थांबली. "मॅडम, तुमचं बरोबर होतं."

"मग आत का नाही बोललीस?"

"हॉस्पिटलातली माझी बढती या ज्येष्ठांच्याच हातात आहे हो," ती म्हणाली आणि त्यांना गाठायला भरभर उतरली. मला तिचा राग आला नाही. तिच्या वयात मीही गप्पच बसत होते.

परिषदेत त्या तिघी उत्तम बोलल्या. चहाच्या वेळी त्यांच्याभोवती गर्दी होती. त्यांची नावं कुणी सुचवली हे त्यांना ठाऊक नव्हतं. सांगावंसं वाटलं, पण राहून गेलं.

माझं अध्यक्षपदाचं वर्ष संपलं. नव्या अध्यक्षांनी इतिवृत्ताचा तो नियम काढला नाही. बैठकीची नोटीस अजून येते. मी जाते, मागच्या रांगेत बसते आणि संपल्यावर बाकीचे जेवायला निघतात तेव्हा चालत घरी येते.