कोपऱ्यातली खुर्ची

मानसशास्त्रातली निरीक्षणाची पद्धत आमच्या सरांनी थोडक्यात शिकवली होती. बघा, जसंच्या तसं लिहा, मध्ये पडू नका. तुम्ही तिथे आहात हे मुलांना जाणवताच कामा नये. मी गिरगावातली, वर्गात पहिली येणारी आणि त्याचा भारी तोरा असलेली. मुलं गटात कशी खेळतात ते टिपायला लालबागच्या एका बालवाडीत कोपऱ्यात खुर्ची टाकली आणि मूग गिळून बसले.

दिवस संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीचे. गोळीबार झाल्यापासून सगळं गिरणगाव धुमसत होतं आणि पोरांचा खेळ एकच, मोर्चा. कागदाचे झेंडे, ‘झालाच पाहिजे’ची आरोळी आणि समोर पोलीस. पोलीस मात्र रोज तीच, हवालदाराची पाच वर्षांची मुलगी. तिलाही झेंडा हवा असायचा.

"तुजा बाप पोलीस, मग तू पन पोलीस!" म्हणत पोरं तिला ढकलायची, चिमटे काढायची. बालवाडीच्या बाई एकट्या, त्या आतल्या खोलीत धाकट्यांना सांभाळत असायच्या. मी लिहायचे, ‘गट तिच्यावर भूमिका लादतो.’ वाक्य झकास जमलं म्हणून खूशही व्हायचे. आग लागो त्या वाक्याला.

एकदा ती खेळ सोडून माझ्या खुर्चीपाशी येऊन बसली.

"तुमाला पन कोन खेळायला घेत नाय?"

मी हसलेसुद्धा नाही. मूल आपल्याशी बोलू लागलं की निरीक्षण बिघडतं, असं शिकले होते ना! उठले आणि खुर्ची दाराशी नेली. दुसऱ्या दिवशी ती तिथेही आली. मी पुन्हा खुर्ची हलवली. मग ती माझ्या पहिल्या, रिकाम्या कोपऱ्यात एकटीच बसू लागली. तेही मी नीट लिहून ठेवलं.

काम संपत आलं तेव्हा तिची आई तिला घेऊन मला भेटायला आली. नवऱ्याची बदली झाली होती, बिऱ्हाड हलणार होतं. तिने माझ्या हातावर पेढा ठेवला.

"चाळीत हिच्याशी कुनी बोलत न्हाई, ताई. हिला हितं धाडायचं माझ्या जिवावर यायचं. पन ही रोज सांगायची, कोपऱ्यातली ताई माझी मैत्रीन हाय, मी तिच्यापाशीच बसते. तुमी हाय म्हनून धाडत व्हते."

मुलगी आईच्या पदराआडून माझ्याकडे बघत होती. खोटं उघडं पडेल म्हणून घाबरली होती.

"हो, माझ्यापाशीच बसते ती," मी म्हणाले.

इतक्या दिवसांत मी पहिल्यांदाच मध्ये पडले होते. तिला वाचवायला पडले की स्वतःला, ते मला अजून धडपणे सांगता येत नाही.