पाऊण आजोबा

ईरा आणि नील, तुमचे छोटे आजोबा, म्हणजे माझे भाऊजी, यांनी जन्मात एकही सिनेमा शेवटपर्यंत पाहिला नाही. सिनेमाची आवड नव्हती असं नाही. डोंबिवली, कल्याण, ठाणे, जिथे चांगला सिनेमा लागेल तिथे पहिल्या आठवड्यात तिकिटं काढून आणणारे तेच. पण शेवटी खलनायक कोपऱ्यात सापडला, नायकाने हात उगारला, की हे खुर्चीतून उठायचे. "मान त्याचा नाही," एवढं म्हणायचे आणि चालू लागायचे. पुढे काय होतं ते बघण्याइतकीही उत्सुकता नाही! जणू काही बसचा थांबा आला.

ते बिनलग्नाचे राहिले आणि जन्मभर आमच्याच घरी राहिले, त्यामुळे हा छळ पाहुण्यासारखा वर्षातून एकदा येणारा नव्हता. ते उठले की पाठोपाठ तुमचे आजोबा उठायचे. "चल, तो निघाला." मग अंधारात मी एकटी मागे बसून काय करणार? मीही उठायचे. मी इंग्रजी शाळेत शिकलेली, नियमाने चालणारी बाई. पुस्तक हाती घेतलं तर शेवटच्या पूर्णविरामापर्यंत वाचणार, भांडं घासायला घेतलं तर कडेपर्यंत घासणार. अशा बाईने तरुणपणापासून पाऊण-पाऊण सिनेमे पाहून घरी यायचं, ही काय शिक्षा झाली!

बरं, घरी आल्यावर गप्प बसावं की नाही? जेवताना ते उरलेला सिनेमा सांगायचे. खलनायकाला ज्याने मारायला हवं त्याच्या हातून मारायचे, इतकं तपशीलवार की ते खरंच पाहिल्यासारखं वाटायचं. एकदा मी आमच्या भिशीत अशाच एका सिनेमाचा शेवट रंगवून सांगितला. धाकटी बहीण कोयता घेते आणि सावकाराला वाड्याच्या पायरीवर गाठते, वगैरे. बायका माझ्याकडे बघत राहिल्या. शेवटी एकजण म्हणाली, "अहो, तो तर पोलिसांच्या गोळीने मरतो. धाकटी बहीण मध्यंतराच्या आधीच लग्न होऊन गेलेली असते." पुढे कित्येक महिने त्या मला 'कोयता' म्हणत होत्या. घरी येऊन मी भाऊजींना फैलावर घेतलं. ते शांतपणे भात कालवत होते. म्हणाले, "वहिनी, चूक तुमची नाही. सिनेमावाल्यांची आहे."

"दुसऱ्याने रचलेली गोष्ट आहे भाऊजी. शेवट कसा करायचा तो त्याचा प्रश्न."

"गोष्ट त्याची आहे. न्याय काय त्याच्या बापाचा आहे?"

हे सगळं आलं कुठून, ते त्यांनीच मला एकदा सांगितलं होतं. आपल्या कोकणातल्या गावी वाघबारशीला एका मुलाला अंगभर पट्टे रंगवून वाघ करतात आणि बाकीची मुलं त्याला काठ्या घेऊन शिवेपर्यंत पिटाळतात. पण पहिली काठी उगारायचा मान एकाच घराचा. कधी काळी ज्या घरातलं माणूस खऱ्या वाघाने नेलं, त्या घराचा. भाऊजी लहान असताना त्या घरात एकच म्हातारा उरला होता आणि त्याला धड उभंही राहता येत नव्हतं. एका वर्षी गावातल्या सगळ्यात दांडग्या पोराने उत्साहाच्या भरात आधीच काठी हाणली. मोठ्या माणसांनी खेळ थांबवला. वाघाला परत देवळापाशी नेऊन उभं केलं, म्हाताऱ्याला खांद्यावर बसवून आणलं, त्याच्या हातात काठी दिली. त्याने ती वाघाला नुसती टेकवली. मग खेळ पुन्हा सुरू झाला. "मारायला काय, कोणीही मारेल हो," भाऊजी म्हणायचे. "ज्याचं आधी गेलं, पहिली काठी त्याची."

गावच्या खेळाचा नियम जगभरच्या सिनेमांना लावणारा माणूस दुसरा नसेल. आणि हे सिनेमापुरतं असतं तरी मी सोसलं असतं.

आमच्या वसाहतीमागे एक छोटा रासायनिक कारखाना होता, ते तुमच्या बाबांना आठवत असेल. दुपारच्या वेळी तिथून असा काही वास सुटायचा की खिडक्या लावून, ओला टॉवेल दाराखाली सारून बसावं लागे. भाऊजी निवृत्त झाल्यावर त्याच्या मागे लागले. या कार्यालयातून त्या कार्यालयात, कल्याणला, ठाण्याला, साहेब जेवायला गेलेत, साहेब दौऱ्यावर आहेत. वर्षं गेली त्यात. अखेर कारखाना बंद झाला. सोसायटीने सत्यनारायणाच्या दिवशी गच्चीवर त्यांचा सत्कार ठेवला. सेक्रेटरी शाल उलगडून उभे, माईकवर भाऊजींचं नाव पुकारलं, लोकांनी टाळ्या वाजवल्या. आणि आमचे भाऊजी उठले ते स्टेजकडे न जाता जिन्याकडे! जाता जाता माझ्या कानाशी म्हणाले, "मान माझा नाही. पाध्येबाईंचा आहे."

पहिल्या मजल्यावरच्या पाध्येबाई गाणं शिकवायच्या. त्या वासाने त्यांचा घसा गेला तो कायमचा, आणि क्लास बंद झाला. तक्रारीसाठी त्या भाऊजींबरोबर एकदोनदा गेल्या असतील, तेही नुसतं बाकावर बसायला. सेक्रेटरी शाल घेऊन तसेच उभे. शेवटी मलाच उठून सांगावं लागलं. शाल पाध्येबाईंच्या खांद्यावर गेली. त्या माईकसमोर काहीतरी पुटपुटल्या, ते पहिल्या रांगेलाही ऐकू गेलं नाही, पण गच्चीवर एकही माणूस हलला नाही. आणि हे बघायला भाऊजी कुठे होते? खाली टपरीवर चहा पीत! मी संतापले होते.

"ज्याने इतकी वर्षं चपला झिजवल्या, त्याचा काही मान असतो की नाही?"

"त्याला नवीन चपला मिळतात, वहिनी."

दुसऱ्या दिवशी मीच जाऊन आणल्या. त्या चावतात म्हणून भाऊजींनी पंधरवडाभर कुरकुर केली, ती वेगळीच.

आता तुमच्या सिनेमाकडे येते. ते तुमचे सात रक्षक आणि सूर्यप्रकाश गिळणारा तो काळा राजा. मला एकाचंही नाव धड लक्षात राहिलं नाही, पण भाऊजींनी सगळे भाग तुमच्याबरोबर पाहिले, अर्थात पाऊण-पाऊण. मागच्या खेपेला ठाण्याच्या मॉलमध्ये काय झालं ते तुम्ही विसरला नसाल. चांदीच्या अंगाचा तो आडदांड काळ्या राजावर धावून गेला आणि भाऊजी उभे राहिले. मागून कोणीतरी ओरडलं, "ओ काका, बसा ना खाली, काही दिसत नाहीये!"

"दिसत नाहीये तेच बरं आहे," हे म्हणाले.

नील, तू रडवेला होऊन त्यांच्या मागे बाहेर आलास. ईरा तुझ्या मागे आणि मी तुम्हा सगळ्यांच्या पर्सा, बाटल्या, पॉपकॉर्न सांभाळत. बाहेर लॉबीत तुमचं जे भांडण जुंपलं, ते तिथल्या गार्डनेही खुर्ची ओढून ऐकलं.

"तो सगळ्यात पॉवरफुल आहे! त्यानेच मारायला पाहिजे ना?" नील म्हणाला.

"पॉवरफुल बुलडोझर पण असतो रे. त्याला आपण शाल-नारळ देतो का?"

"चांदीवाला नाही, ती निळ्या झग्यावाली," ईराने सांगितलं. "सगळा प्लॅन तिचा आहे. डोकं तिचं आहे."

"डोकेवाल्यांना बक्षीस द्यावं. मान वेगळा."

"मग मान कोणाचा?"

"त्या दीपगृहावरच्या मुलीचा."

तुम्ही दोघं एकदम ओरडलात, "ती? ती तर सगळ्यांना नुसतं पाणी आणून देते!"

"देऊ दे. दिवा पहिला तिचा विझला."

त्यावर ईरा, तू कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "तुम्ही ना, पाऊण आजोबा आहात!" मला वाटलं, आता हे दुखावले. पण त्यांना ते नाव इतकं आवडलं की पुढे तुमच्या फोनवर ते "पाऊण बोलतोय" असंच म्हणायला लागले.

परत निघताना तुम्ही त्यांच्याकडून वचन घेतलंत. शेवटचा भाग येईल तेव्हा तुम्ही इथे असाल, आणि तो ते तुमच्याबरोबर पूर्ण पाहतील, पडद्यावर शेवटचं नाव येईपर्यंत. "बघू," म्हणाले. नील म्हणाला, "बघू नाही, बघीन म्हणा." बराच वेळ त्यांनी चपलेच्या अंगठ्याशी चाळा केला. मग म्हणाले, "बघीन. पण डोळे उघडे ठेवीन असं म्हटलेलं नाही." तुम्हाला ती थट्टा वाटली. मला माहीत होतं, त्यांनी शब्द दिला होता आणि तो त्यांना जड जात होता. त्यानंतर दोनतीनदा जेवता जेवता मध्येच म्हणाले, "वहिनी, त्या पोरीला देतील का हो मान?" मी म्हणे, "मला काय विचारता? मी काय सिनेमा काढते?"

सिनेमा उन्हाळ्यात यायचा होता. भाऊजी माघातच गेले. झोपेतच गेले, कोणालाही उठवलं नाही. तुमच्या परीक्षा होत्या, तुम्हाला येता आलं नाही. फोनवर नीलने मला विचारलेला पहिला प्रश्न मी विसरलेले नाही. "मग आता प्रॉमिसचं काय?" मी म्हटलं, "मी बघेन त्यांच्या वतीने. पूर्ण बघेन आणि तुम्हाला लिहून कळवेन." म्हणून हे लिहायला बसले.

उन्हाळ्यातही तुमचं येणं जमलं नाही, तेव्हा मी एकटीच ठाण्याला गेले, त्याच मॉलमध्ये. मुद्दाम रांगेच्या मधली खुर्ची घेतली, म्हणजे उठावंसं वाटलं तरी सहा माणसांचे पाय ओलांडावे लागतील. सगळं नीट पाहिलं. जग अंधारात बुडालं, सातही रक्षक जमिनीवर पडले, काळा राजा हसला. मागे कुठेतरी ती मुलगी पाण्याचं भांडं घेऊन उभी होती. क्षणभर पडद्यावर नुसता तिचा चेहरा दिसला आणि मी खुर्चीचा हात घट्ट धरला. देतील, असं वाटलं. आणि तेवढ्यात तो चांदीचा आडदांड धडपडत उठला, वाद्यं दणाणायला लागली, त्याने हात उगारला.

"मान त्याचा नाही."

हे कोण बोललं ते मला आधी कळलंच नाही. शेजारच्या तरुणाने वळून पाहिलं तेव्हा कळलं. मी उभी होते.

"आज्जी, थांबा ना. पाचच मिनिटं राहिलीत."

"तुम्ही बघा हो," म्हटलं आणि सहा माणसांचे पाय ओलांडून बाहेर आले.

तुमचं वचन मी मोडलं. रागवायचं असेल तर रागवा. इतकी वर्षं त्या माणसाला नावं ठेवली आणि आता हे. लॉबीत बाकावर बसून मी एक सामोसा मागवला, तोही गार निघाला. थोड्या वेळाने दारं उघडली, लोक बाहेर आले. तो शेजारचा तरुण मला शोधतच आला. "अहो आज्जी, तुम्ही उठलात आणि लगेच..."

मी हात वर करून त्याला थांबवलं. बिचारा ओठ मिटून हसला आणि गेला.

तुम्ही एव्हाना तिकडे सिनेमा पाहिला असेल. फोनवर मला काही सांगायला जाऊ नका. कालच्या भिशीत बायकांनी विचारलं, गेला होतात म्हणे, कसा आहे शेवट? मी पाय पोटाशी घेऊन सावकाश सांगितलं. काळा राजा हात उगारतो, चांदीवाला बाजूला सरतो, आणि दीपगृहावरची ती मुलगी पाण्याचं भांडं खाली ठेवून पुढे येते. हातात काही नाही, फक्त दिवा. तो दिवा ती राजाच्या छातीला नुसता टेकवते.

मग एकजण म्हणाली, "कोयता, खरं का गं?"

"अगदी खरं," मी म्हटलं.