आपल्या माणसाच्या हातचा गाडा

कथबर्टकाकांच्या दुकानात युसमारी कामाला आली त्या दिवशी नेरिसा रजेवर होती, आणि पुढे कित्येक दिवस ती त्या एका रजेवरच चिडून होती. "मी असते ना, तर दारातूनच परत पाठवली असती तिला," असं मला म्हणायची.

"दुकान तुझं आहे का गं?" मी विचारायचे.

त्यावर ती मॉबीच्या कडसर सरबताचा घोट तोंडात तसाच धरून, गाल फुगवून बसायची.

काकांचं दुकान त्रिनिदादच्या दक्षिणेला, मरबेलात, आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. वर्षभर तिथे खिडक्यांच्या जाळ्या आणि फाटकं व्हायची. ख्रिसमस संपला की मात्र फाटकवाल्यांना ताटकळत ठेवून काका आमच्या 'सिल्व्हर टाइड' बँडचे गाडे हाती घ्यायचे. तेलाच्या पिंपांतून ठोकून काढलेली आमची पॅन. त्यातली मोठी बेसची पॅन काही गळ्यात अडकवून वाजवता येत नाहीत. ती लोखंडी गाड्यावर टांगायची, वादकांनीही त्याच गाड्यावर उभं राहायचं आणि वस्तीतल्या माणसांनी तो ढकलत कार्निव्हलच्या स्पर्धेच्या मंचावर न्यायचा. मी बेस वाजवते. माझं वजन काही लपण्यासारखं नाही, त्यामुळे गाड्याच्या सांध्यांशी माझा जिवाचा संबंध आहे आणि त्या निमित्तानं दुकानात माझं सारखं येणं-जाणं असे.

नेरिसा जोफिल्ड ही शाळा संपल्यापासून काकांकडे होती. वेल्डिंगच्या वर्गात एकटी मुलगी, आणि पहिली आलेली. तिला चागुआरामसच्या गोदीत जायचं होतं, जहाजांच्या पोटात शिरून काम करायचं होतं. गिऱ्हाईक आलं की काका तिला पुढे करायचे. "ही आमची नेरिसा. अख्ख्या दक्षिणेत हिच्यासारखी पोरगी दाखवा!" ती मान खाली घालून हातोडीनं सांध्यावरची खपली उडवत बसे, पण कान इकडेच.

घरी तिला असं कुणी पुढे करत नसे. तिची आई सुमिंत्रा भारतीय वंशाची, बाप आफ्रिकन. अशा पोरांना आमच्याकडे दोगला म्हणतात, कधी लाडानं, कधी नाक मुरडून. आईकडच्या लग्नात फोटो काढताना तिला मागच्या रांगेत सरकवायचे. बापाकडच्या आत्या तिच्या केसांतून हात फिरवत, भारतीयांना हिणवायचा शब्द वापरून म्हणायच्या, "केस बाकी कुलीचेच आलेत हो." एकदा माझ्या ओट्यावर बसून ती म्हणाली, "व्हर्लिनमावशी, मी ना धड इकडची, ना तिकडची. पण त्रिनिदादची तर आहे ना? ते तर कुणी काढून घेऊ शकत नाही." तिच्या वेल्डिंगच्या मुखवट्यावर लाल-पांढरा-काळा झेंडा चिकटवलेला होता आणि त्यावर ठिणगी पडून डाग पडला की ती नवा चिकटवायची.

तर अशा मुलीसमोर युसमारी येऊन उभी राहिली. तीही मुलगीच, नेरिसाहून थोडी मोठी, आखाताच्या पलीकडच्या, स्पॅनिश बोलणाऱ्या देशातल्या ग्विरिया गावची. तिकडे तिच्या बापाची मासेमारीच्या होड्या दुरुस्त करायची जागा होती. देशात खायचे वांधे झाले तेव्हा रात्रीच्या होडीतून इकडे आलेली. आमच्या सरकारनं अशा लोकांना कामाची परवानगी दिली होती, पण लोक काही परवानगी बघून बोलत नाहीत. 'स्पॅनिश आली, स्पॅनिश आली' हेच.

नेरिसाला पहिला चटका बसला तो एका साध्या फाटकापायी. युसमारीनं बिजागरी जोडली. काका आले, त्यांनी सांध्यावरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख कुठे अडखळलं नाही. काकांनी पुन्हा फिरवलं.

"गोड," काका म्हणाले.

हा शब्द काका पॅनच्या सुरासाठी ठेवायचे. नेरिसाच्या कामाला ते 'ठीक', 'पक्कं', 'चालेल' म्हणायचे. गोड कधी म्हणाले नव्हते.

"पाहिलंत ना मावशी? गोड म्हणे!" ती मला सांगत होती तेव्हा तिच्या नाकपुड्या थरथरत होत्या. "बिजागरी आहे की बर्फी?"

मग एकेक गोष्ट डोळ्यांत खुपायला लागली. युसमारी काकांना 'माएस्त्रो' म्हणायची, म्हणजे गुरुजी. म्हातारा त्या शब्दावर खूश! नेरिसा इतकी वर्षं 'काका' म्हणत होती, त्याचं काही नाही. गिऱ्हाइकं युसमारीचं काम फोनवर टिपायची. ती उकिडवी न बसता एक गुडघा टेकून, कोपर मांडीवर रोवून बसायची, त्यामुळे हात हलत नसे. नेरिसानं दुकानात कुणी नसताना तसं बसून पाहिलं. सांधा खरंच बरा आला. तिनं तो तुकडा ग्राइंडरनं घासून भंगारात फेकून दिला.

"ती बरी आहे कामाला," मी एकदा सहज म्हणाले.

"तुम्हीसुद्धा?" नेरिसा म्हणाली आणि आठवडाभर माझ्याकडे फिरकली नाही.

जानेवारीत काकांनी बेसच्या नव्या गाड्याचं काम काढलं. दोन मजली, वर छप्पर, आजवरचा सगळ्यात मोठा. आणि सांगितलं, की मुख्य चौकट युसमारी जोडेल, नेरिसा तिच्या हाताखाली राहील.

नेरिसानं हातमोजे काढले, नीट एकावर एक ठेवले आणि तडक पॅन यार्डात आली. आमची तालीम चालू होती. तिनं बँडच्या कॅप्टनला थांबवलं आणि सगळ्यांसमोर बोलली. मी बेसपाशी उभी होते, शब्द न् शब्द ऐकला.

"पॅन आपलं राष्ट्रीय वाद्य आहे की नाही? मग त्याचा गाडा परक्या माणसानं का करायचा? इथे जन्मलेली माणसं मेलीत का? हा गाडा आपल्या माणसाच्या हातचाच पाहिजे. नाहीतर उद्या वाजवायलाही त्यांनाच आणा."

मागून कुणीतरी म्हणालं, "बरोबर बोलतेय पोरगी." आणखी दोघांनी री ओढली. कॅप्टन मुळात भांडणाला घाबरणारा. तो डोकं खाजवत म्हणाला, "एवढं असेल तर... इथे जन्मलेल्यानंच करू दे. उगाच कटकट नको."

कथबर्टकाका तिच्या मागोमाग आले होते आणि फाटकाशी उभे होते. ते शांतपणे पुढे आले.

"ठरलं? इथे जन्मलेल्यानंच?"

"हो काका," नेरिसा म्हणाली. "तुम्ही आणि मी करू."

"मी नाही करणार. मी कारिआकू बेटावरचा. आईबरोबर गलबतातून आलो, कांद्याच्या पोत्यांवर बसून. ह्याच मरबेलात पोरं माझ्यामागे ओरडायची, 'छोट्या बेटवाल्या, आपल्या बेटावर जा!'" त्यांनी आमच्या सगळ्या गाड्यांवरून हात फिरवल्यासारखा केला. "हे सगळे परक्या माणसाचेच हात. दुकानाची चावी तुझ्याकडे आहेच. कर तू."

आणि ते गेले. आम्हा जुन्या माणसांना हे ठाऊक होतं, पण ठाऊक असून विसरल्यासारखं झालं होतं. नेरिसाला मात्र कधी कुणी सांगितलंच नव्हतं. ती जागच्या जागी उभी राहिली, लाल झाली, पण शब्द मागे घेतला नाही. मला म्हणाली, "बघाच तुम्ही, एकटी करून दाखवते."

काका आणि युसमारी दुकानाकडे फिरकत नव्हते, पण तिनं जीव तोडून केलं, हे मी सांगेन. सकाळी बायका साडा रोटी थापायला लागायच्या तेव्हा तिच्या ग्राइंडरचा आवाज सुरू झालेला असायचा. एकदा वेल्डिंगच्या उजेडानं डोळे भाजून घेतले, बटाट्याच्या चकत्या बांधून माझ्याकडे पडून राहिली आणि पडल्या पडल्याही विचारत होती, "ती दिसली का कुठे? काय करते? हसत असेल ना मला?"

पण लोखंड एकट्या माणसाचं ऐकत नाही. लांब चौकट एका बाजूनं जोडत गेलं की तापलेला सांधा निवताना तिला आपल्याकडे ओढतो. दोन टोकांना दोघांनी एकाच वेळी काम करावं लागतं, म्हणजे ओढ दोन्हीकडून सारखी पडते. नेरिसाला हे चांगलं माहीत होतं, पण दुसरा माणूस आणणार कुठून? बँडमधल्या ज्यांनी 'बरोबर बोलतेय' म्हटलं होतं, त्यांतल्या एकालाही रॉड धरता येत नव्हता. शेवटचा सांधा झाल्यावर तिनं गाडा चाकांवर उतरवला, तर एक चाक जमिनीपासून चांगलं वीतभर वर. त्या दिवशी ती रडली नाही, नुसती त्या लोंबत्या चाकाकडे बघत बसली.

दुपारी मला घेऊन युसमारीच्या खोलीवर गेली. युसमारी तव्यावर मक्याच्या जाड भाकऱ्या भाजत होती. तिनं आम्हाला बसायला सांगितलं, मला भाकरी दिली, नेरिसाला दिली नाही.

"चौकट ओढली गेलीय," नेरिसा म्हणाली.

"माहीत आहे. रस्त्यावरून बघितली."

"मग?"

"आडव्या पट्ट्या काप. सैल सोड. मग समोरासमोरच्या कोपऱ्यांवर, दोघं, एकदम."

"ते मलाही कळतं. दुसरं मशीन कोण धरणार?"

युसमारीनं भाकरी उलटली. "तुझ्या देशात वेल्डर नाहीत?"

नेरिसा उठली. दारापर्यंत गेली, परत आली. "तुला काय जातं बोलायला! तू आलीस आणि लगेच गोड झालीस. मी इतकी वर्षं तिथे हात पोळून घेतेय."

"आणि तू घरी जातेस जेवायला," युसमारी म्हणाली. "आईकडे. मी रोज बघते. तुझी आई हाक मारते रस्त्यावर. मला राग येतो त्या हाकेचा." मग तिनं गॅस बंद केला. "मी येणार नाही. तू सगळ्यांसमोर बोललीस. मी पण होते तिथे, फाटकाच्या बाहेर."

परत येताना मला वाटलं आता ही गाडा तसाच टाकून देणार. पण संध्याकाळी तालमीच्या वेळी ती यार्डात आली आणि पुन्हा कॅप्टनला थांबवलं. कॅप्टनच्या तोंडचं पाणीच पळालं.

"मी म्हणाले ते मागे घेते," ती म्हणाली. आवाज बसलेला, पण सगळ्यांना ऐकू जाईल असा. "ती मला आवडत नाही. अजूनही नाही. तिचा हात माझ्याहून चांगला आहे, म्हणून आवडत नाही. मला ते सहन होईना, म्हणून मी देश मध्ये आणला. लोकांनी मला आयुष्यभर 'तू आमची नव्हेस' म्हटलंय, आणि मी तेच तिला म्हटलं. काकांनाही म्हटलं, न कळता. गाडा त्या दोघांशिवाय होणार नाही. झालं माझं बोलून."

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. 'बरोबर बोलतेय'वाला आपल्या पॅनवरची धूळ पुसायला लागला. कथबर्टकाका त्यांच्या ओट्यावर मासे साफ करत बसले होते, त्यांना मी जाऊन सांगितलं. ते म्हणाले, "सहन होईना म्हणाली? अस्सं म्हणाली?" आणि हसले. तिथून मी युसमारीकडेही गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी युसमारी स्वतःचा मुखवटा घेऊन दुकानात आली. नमस्कार नाही, चमत्कार नाही. काकांनी पट्ट्या कापल्या, काटकोन बघायला गुण्या लावला, खडूनं खुणा केल्या. दोघी समोरासमोरच्या कोपऱ्यांवर बसल्या. नेरिसाही आता एक गुडघा टेकून बसली. युसमारीनं ते पाहिलं आणि मुखवटा खाली ओढला. काकांनी पायानं ताल दिला आणि दोन्हीकडे एकदम ठिणग्या उडाल्या. नेरिसा मला नंतर म्हणाली, "मावशी, मला तिच्या रॉडचा आवाज ऐकू येत होता. एकसारखा, तळणीत फुलोरी तळल्यासारखा. माझा मध्येच तडतडायचा. इतकी आग झाली ना मनाची! आणि मग लक्षात आलं, माझा तडतडला की ती हात हळू करते. माझ्यासाठी थांबते. त्यानं तर आणखीनच आग झाली."

गाडा चारही चाकांवर बसला. आम्ही त्यावर चढलो, वाजवलं, अंतिम फेरीपर्यंत गेलो, जिंकलो मात्र नाही. गाडा ढकलणाऱ्यांत युसमारी होती, आमच्या बँडचा निळा टीशर्ट घालून, आणि तिच्याशेजारी नेरिसाची आई सुमिंत्रा.

कार्निव्हल संपल्यावर गोदीतल्या एका कंपनीनं वेल्डरांची परीक्षा ठेवली. दोघींनी दिली. युसमारीला बोलावणं आलं, नेरिसाला नाही. त्या दिवशी ती माझ्या स्वयंपाकघरात येऊन ओक्साबोक्शी रडली. पलाव पुढे ठेवला, तर ताट सरकवून दिलं. "आता तरी कुणाला दोष देऊ?" म्हणाली. कुणालाच दिला नाही, हे खरं. काकांकडे परत गेली, पाइपचे तुकडे उलटेसुलटे बांधून वर्षभर सराव केला, आणि पुढच्या खेपेला तिचीही निवड झाली.

मागच्या महिन्यात मी तिला भेटायला चागुआरामसला गेले. जेवणाची सुट्टी होती. दोघी गोदीच्या कडेला पाय सोडून छोले भरलेले डबल्स खात बसल्या होत्या. युसमारी आता आमच्यासारखंच बोलते, शिव्यांसकट. मला बघून म्हणाली, "मावशी, ही इथेही माझ्याच हाताखाली आली बरं का. आज सकाळचा हिचा सांधा बघा. ठीक आहे. पक्का आहे. चालेल."

नेरिसानं बोटाला लागलेली चटणी चाटली. "उद्याचा बघ," ती म्हणाली, आणि तिच्या नाकपुड्या थरथरल्या.