बोटीत गाडी उलटी घालावी लागते

गेल्या खेपेस मी टेक्सासात अर्विंगला तुमच्याकडे आले होते तेव्हा तुमच्यातला थोरला मला नव्या गाडीतून इडली खायला घेऊन गेला. निघताना गाडी मागे घ्यायला लागला आणि गाडीने टीं-टीं-टीं असा गजर लावला. साहेब पडद्याकडे बघत होते. मी म्हटलं, "अरे, मान वळव." तर म्हणे, "आजी, व्हाय? कॅमेरा आहे ना." धाकटी मागच्या सीटवरून म्हणाली, "आजी, रिलॅक्स. कार सगळं बघते." कार सगळं बघत असेल. तरी आपण कचऱ्याच्या डब्याला लागलोच होतो, हे मी तुमच्या आईला सांगितलेलं नाही. त्याच्या बदल्यात आता हे शेवटपर्यंत वाचा.

मी मान वळवायला एकीला शिकवलं होतं. तुमचा बाबा कॉलेजात गेला आणि डेट्रॉइटजवळच्या ट्रॉय गावातल्या घरात मी आणि तुमचे आजोबा असे दोघंच उरलो, तेव्हाची गोष्ट. आजोबा सकाळी त्यांच्या मोटार कंपनीत जायचे आणि मी कपाटं आवरायची. कपाटं संपली तेव्हा मी नोकरी धरली. डेट्रॉइटमध्ये एका ग्रीक गृहस्थांचं लहानसं ट्रॅव्हल ऑफिस होतं. खाली किराणा दुकान, वर आम्ही. जिन्यात नेहमी चीजचा आणि भाजलेल्या मटणाचा वास. घरी आल्यावर आजोबा दारातच म्हणायचे, "आलीस का जेवून?"

मालकांच्या चुलत भावाची तिकडे ग्रीसमध्ये बोटींची कंपनी होती. मोठ्या नव्हेत, बेटाबेटांना जाणाऱ्या. माणसं, सिमेंटची पोती, टोमॅटो, फ्रिज, शेळ्या, एखाद्या वेळी नवरीमुलगी, सगळं एकाच बोटीतून. इथल्या ग्रीक लोकांना उन्हाळ्यात गावी जायचं असलं की त्या बोटींची तिकिटं आम्ही द्यायचो. पहिल्या आठवड्यात मी मालकांना विचारलं, "वेळापत्रक कुठे आहे?" त्यांनी भिंतीवरच्या सुंदर छापील कागदाकडे बोट दाखवलं. "हे खरं आहे?" "छपाई खरी आहे, मॅडम. बोटीचं वाऱ्याला विचारायचं."

मला हसू आलं. लहानपणी आम्ही आजोळी कोकणात बोटीनेच जायचो. बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि पडावातून आम्हाला किनाऱ्यावर उतरवायचे. बोट कधी येणार असं धक्क्यावर विचारलं की उत्तर यायचं, "लागली की कळेल." म्हणजे मी सातासमुद्रापलीकडे येऊन पुन्हा तशाच तिकिटाच्या खिडकीशी बसले होते, फक्त या वेळी आतल्या बाजूला.

एका वसंतात एक म्हातारं जोडपं आलं. त्यांचं आडनाव एवढं लांब होतं की तिकिटाच्या रकान्यात मावायचं नाही. मी मनातल्या मनात त्यांना काका आणि मावशी करून टाकलं. काकांनी सगळं आयुष्य मोटारीच्या कारखान्यात काढलं होतं. वरून गाड्या सरकत यायच्या आणि हे मान वर करून त्यांच्या पोटाला बोल्ट आवळायचे. आता ते निवृत्त झाले होते आणि दोघांना कायमचं बेटावर परत जायचं होतं. म्हणजे मावशीला जायचं होतं. तिची थोरली बहीण तिथे एकटी होती, तिला दिसेनासं होत चाललं होतं. दर रविवारी फोनवर ती एकच वाक्य म्हणायची, "येतेस ना? मला थोडं दिसतंय तोवर ये."

काकांची एकच अट होती. गाडी बरोबर आली पाहिजे. ती खाली रस्त्यावर उभी होती: निळी, लांबलचक, दोन जागा अडवून, दुकानापासून शक्य तितकी दूर. तरुणपणी बेट सोडताना बंदरावरच्या कॉफीच्या दुकानात त्यांनी सगळ्यांना सांगितलं होतं की परत येईन तो स्वतःच्या मोटारीतून येईन. सगळे हसले होते. हसणाऱ्यांपैकी बरेचजण अजून त्याच खुर्च्यांवर बसून होते, अशी खबर होती. "गाडी नाही, तर मी नाही," काका म्हणाले. मावशी खिडकीबाहेर बघत राहिली. हे वाक्य तिच्या ओळखीचं असावं.

मी बोट कंपनीला फॅक्स केला. गाडीची लांबी, रुंदी, वजन, सगळं नीट टाइप करून. उत्तर आलं: गाडी मावेल. पण अथेन्सजवळच्या पिरेअस बंदरात बोटीचं मागचं दार खाली पडून त्याचा उतार होतो, त्यावरून गाडी उलटी आत घालायची. म्हणजे बेटावर सरळ बाहेर काढता येते. गाडी ज्याची त्याने घालायची, खलाशी फक्त ओरडतील.

मी हे वाचून दाखवलं आणि काकांचा चेहरा पडला. मला वाटलं पैशाचं काही असेल. मावशी शांतपणे म्हणाली, "ह्याची मान वळत नाही. कारखान्यातच राहिली ती. इतकी वर्षं आम्ही असं पार्किंग शोधतो की पुढूनच आत जाता येईल आणि पुढूनच बाहेर येता येईल. म्हणून नेहमी सगळ्यात लांब. मॉलमध्ये मी अर्धी खरेदी चालण्यातच विसरते."

"मग एखाद्या खलाशाला..." मी म्हटलं.

"माझ्या गाडीला खलाशी हात लावणार?" काका ओरडले. "राहू दे. नाही जात."

मग मावशी म्हणाली, "मी घालते."

काका मोठ्याने हसले. मालकही हसले. मावशीने आयुष्यात कधी गाडीच्या चाकाला हात लावलेला नव्हता.

"तू पुढे बघ, मी मागे बघते," ती म्हणाली. "आजवर दुसरं काय केलंय आपण?"

आता मला गप्प बसता आलं असतं, पण तुम्ही मला ओळखता. मी म्हटलं, "मी शिकवते." कारण एका गोष्टीत मी या अमेरिकेत कुणाकडूनही हरले नसते, आणि ती म्हणजे गाडी मागे घेणं. आमचा ड्राइव्हवे लांब, वाकडा, आणि हिवाळ्यात दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती. आजोबांनी मला शिकवताना एवढी आरडाओरड केली होती की मी एक नियमच करून टाकला: आधी आरसा, मग खांदा, मग पाय, आणि शेजारच्याचं ऐकायचं नाही. लायसन्सला मी पहिल्या खेपेत पास झाले. आजोबा कितव्या खेपेत झाले ते त्यांनाच विचारा. ते विषय बदलतील.

रविवारी दुपारी ग्रीक चर्चमधली माणसं घरी गेली की चर्चमागचं पार्किंग आमचं. मालकांनी खालच्या दुकानातून चीजचे रिकामे पत्र्याचे डबे आणले आणि ते दोन रांगांत मांडून बोटीचं दार तयार केलं. मी त्यांना सरळ रांग लावायला सांगितलं, तर म्हणाले, "मॅडम, बोट हलते." शेवटी मीच लावली. काका घडीच्या खुर्चीवर बसले, डोळ्यांवर हात ठेवून, पण बोटं फाकवून.

पहिल्या दिवशी एकही डबा उभा राहिला नाही. प्रत्येक डब्याच्या आवाजाला काका असे कळवळत की वाटावं बोल्ट त्यांच्याच अंगाला आवळलेत. "डावीकडे! अगं, डावीकडे!"

"तुझी डावी की माझी डावी?" मावशीने काच खाली करून विचारलं.

"गाडीची!"

"गाडीने मला काही सांगितलं नाही," आणि काच वर.

तिसऱ्या-चौथ्या रविवारी डबे उभे राहायला लागले. मग मालक म्हणाले की खरी परीक्षा वेगळी आहे. बंदरात तीन खलाशी तीन बाजूंनी तीन वेगळ्या गोष्टी ओरडतात. ते स्वतः एक खलाशी झाले, दुकानदाराला दुसरा केलं आणि आजोबांना तिसरा. हो, तुमचे आजोबा! मला न्यायला आले होते, राहिले. आणि काय रंगात आले! "आने दो, आने दो, बस बस बस!" चक्क हिंदीत. मी म्हटलं, "अहो, तिला हिंदी कुठे येते?" तर म्हणाले, "खलाशाचं कोणाला कळतं?"

मावशी त्या गदारोळातून कुणाकडेही न बघता सरळ आत आली. आरसा, खांदा, पाय. एकही डबा हलला नाही. मी तिचं कौतुक करायला धावले, तर म्हणाली, "पोरी, गाडीचं तू शिकवलंस. ओरडणाऱ्या पुरुषांमधून आपलं काम करणं मला आधीपासून येत होतं."

लायसन्सच्या परीक्षेत मात्र पंचाईत झाली. उलटी गाडी तिने अशी घेतली की परीक्षक वही खाली ठेवून बघत राहिला. मग तो म्हणाला, आता पुढे चला. पुढे जायचं आम्ही तिला जेमतेमच शिकवलं होतं. त्याने दुसऱ्यांदा बोलावलं आणि दुसऱ्यांदा पास केली.

उन्हाळा सरता सरता ते गेले. गाडी आधीच मोठ्या जहाजाने पिरेअसला पोचली होती. मग बरेच दिवस काही कळलं नाही. बोटीच्या कंपनीकडून एवढंच कळलं की वारा होता, बोट उशिरा सुटली, आणि गाडीबद्दल तक्रार नाही. मी रोज ऑफिसात शिरले की मालक न विचारताच 'नाही' अशी मान हलवायचे.

ख्रिसमसच्या आधी एके दुपारी फोन वाजला. काका होते. समुद्रापलीकडून बोलायचं म्हणजे ओरडायलाच हवं, असा त्यांचा समज होता. बेटावर बोट लागली, दार पडलं, आणि ते हॉर्न वाजवत सरळ बाहेर आले. कॉफीच्या दुकानातले सगळे उठून उभे राहिले. एकाच्या हातून कप पडला. "उठून उभे राहिले!" हे त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगितलं. मग तसेच न थांबता ते चढावरून वर गेले, थेट मेहुणीच्या दारापर्यंत.

"आणि मग?" मी विचारलं.

"मग काय? लाइन खराब आहे. हिच्याशी बोल."

मावशी आली. आधी पोटभर हसली. पिरेअसला गाडी तिनेच उलटी आत घातली होती, तेवढं काकांनी गाळलं होतं. तो रस्ता बहिणीच्या दारातच संपतो. दोन्ही बाजूंना दगडी भिंती, आणि अशी लांब गाडी वळवायला जागाच नाही. मागे कोंबड्यांचा टेम्पो अडकलेला, कॉफीच्या दुकानातली सगळी मंडळी वर चढत आलेली. काका चाक धरून समोरच्या भिंतीकडे बघत बसले होते. मावशी खाली उतरली. आत गेली. बहिणीच्या गळ्यात पडली, तिच्या हातची कॉफी सावकाश प्यायली. बाहेर कुणी हॉर्न वाजवला तरी दुसरा कप घेतला. मग येऊन नवऱ्याला म्हणाली, "ऊठ."

टेम्पो आधी मागे सरकत निघाला, मग ती, तशीच उलटी, खालपर्यंत. त्या मंडळींपैकी अर्ध्यांनी ओरडून रस्ता सांगितला, अर्ध्यांनी चुकीचा. तिने कुणाचंच ऐकलं नाही. तेव्हापासून हेच चाललंय: वर जाताना काका, खाली येताना मावशी.

"बहीण कशी आहे?" मी विचारलं.

"तीही बसली होती ना गाडीत त्या दिवशी, माझ्या शेजारी. हट्टच धरला. तिला आता उजेड तेवढा कळतो. खाली येताना मला म्हणाली, 'किती अलगद चालवतेस गं. पण समुद्राचा आवाज पाठीमागून कसा येतोय?'"

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, येऊ दे मागून. मी बघतेय."

मालक दुसऱ्या फोनवरून सगळं ऐकत होते. त्यांनी मोठ्याने नाक शिंकरलं आणि खापर हीटरवर फोडलं.