इंजिन दातांनी ऐकणारे मामा

हे लिहिण्याचा अधिकार मला नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि मी चढलो तोही मेकॅनिकलच्या. त्यामुळे आजवर जे काही लिहिलं ते सगळं लॅब रिपोर्टच्या वळणाचं. चुकलं तर सांभाळून घ्या. पण माझा मिशिगनमधला रूममेट ओंकार याच्या मामांबद्दल कोणीतरी लिहायला हवं, आणि ओंकार आळशी आहे. वापरलेली गाडी घेताना इंजिनावर इतका विश्वास आणि माणसांवर इतका अविश्वास ठेवणारा दुसरा गृहस्थ अख्ख्या मिशिगनमध्ये सापडणार नाही, एवढं मी खात्रीने सांगू शकतो.

मामा मिशिगनमधल्याच नोव्हाय गावात राहतात. तीसेक वर्षं त्यांनी इंजिनांच्या चाचण्या घेतल्या. बंद खोलीत इंजिन दिवसेंदिवस पळवत ठेवायचं आणि ते कधी मोडतं याची वाट बघायची, हे त्यांचं काम. आता निवृत्त आहेत, म्हणजे हेच काम ओळखीच्या लोकांच्या गाड्यांवर फुकट करतात. त्यांना मागून हाक मारली तर ते कधीही वळून बघत नाहीत. तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत सगळे स्पीकरपासून लांब पळतात, तेव्हा हे नेमकी स्पीकरखाली खुर्ची टाकून प्रसन्न चेहऱ्याने बसतात. आणि कोणी काहीही सांगितलं की मान हलवून "बरोबर आहे" म्हणतात. थीसिसमधली सगळी आकडेमोड चुकल्याचं मी एकदा त्यांना रडवेला होऊन सांगितलं, तेव्हाही "बरोबर आहे" म्हणून त्यांनी माझी पाठ थोपटली होती. मला वाटलं, मोठ्या माणसांची धीर देण्याची हीच पद्धत असेल.

मला व्हॅन हवी होती ती मे महिन्यासाठी. पदवीदानाला आई, बाबा, ताई आणि दाजी येणार होते. बाबा आष्टा ते सांगली माणशी भाडं घेऊन वडापची जीप चालवतात. नऊ जणांच्या जागेत पंधरा जणांना बसवून त्यांनी माझं शिक्षण केलं. ते कधी कोणाच्या शेजारी नुसते बसून गेल्याचं मला आठवत नाही. आता विमानतळापासून घरापर्यंत मी चालवणार आणि ते शेजारी बसणार. ती गाडी हायवेवर बंद पडली असती, तर हातातल्या पदवीचं काय करायचं हे मला सुचलं नसतं. म्हणून जुनी का होईना, पण भरवशाच्या इंजिनाची जपानी व्हॅन शोधायची असं ठरलं आणि ओंकारने मला मामांच्या स्वाधीन केलं.

मामांचा पहिला नियम असा की आपण पोचेपर्यंत विकणाऱ्याने गाडी सुरू करायची नाही. थंड इंजिन खोटं बोलत नाही, गरम झालं की दुखणं लपवतं, असं त्यांचं मत. पहिल्या ठिकाणी त्यांनी विकणाऱ्याला नमस्कार करण्याआधी, तापलेल्या मुलाच्या कपाळाला लावावा तसा उलटा हात बॉनेटला लावला. "ताप आहे हिला," एवढंच म्हणून ते परत आमच्या गाडीत जाऊन बसले. त्या माणसाची माफी मला मागावी लागली. दुसऱ्या व्हॅनचं इंजिन आरशासारखं चकचकीत होतं, मागच्या सीटसाठी टीव्हीची स्क्रीनही होती. ओंकार तर आत जाऊन बसलासुद्धा. "यार मामा, ही फायनल करू," तो म्हणाला. मामांनी इंजिनाखाली वाकून पाहिलं. पाहुणे यायच्या आधी एवढी अंघोळ कशाला घातली, तेल कुठून गळत होतं ते पुसायलाच ना, असं त्यांनी विकणाऱ्यालाच शुद्ध मराठीत विचारलं. शिवाय ते इंजिन पेट्रोल वाचवण्यासाठी हायवेवर अर्धे सिलिंडर बंद ठेवणारं होतं. "अर्धे कामगार झोपवून कारखाना चालवायचा का?" मामा म्हणाले. "त्याच्या आधीच्या वर्षांचं मॉडेल बघू. त्यात सहाच्या सहा सिलिंडर जागे असतात."

तिसरी व्हॅन एका शिक्षिकेची होती. सीटच्या फटींत बिस्किटांचा चुरा, दारावर ओरखडे, पण बाईंकडे तेल बदलल्याच्या आणि टायमिंग बेल्ट बदलल्याच्या पावत्यांची फाइल होती. बॉनेट बर्फासारखं गार. मामांनी कोटातून लाकडी मुठीचा लांब स्क्रूड्रायव्हर काढला, मला गाडी सुरू करायला सांगितलं, टोक इंजिनावर टेकवलं आणि मूठ चक्क दातांत धरून डोळे मिटले. मेकॅनिक लोक ती कानाला लावतात हे मी आमच्याकडे पाहिलं होतं. बाईंनी घाबरून मला विचारलं, हे बरे आहेत ना? मामा मात्र टोक इकडून तिकडे सरकवत पाच मिनिटं तसेच उभे. मग तोंड मोकळं करून म्हणाले, "घे."

परतताना मी भीत भीत विचारलं, मामा, कानाने का नाही ऐकत? दोनदा विचारावं लागलं. "कानांचा भरवसा नाही," ते म्हणाले. "कानांना विकणाऱ्याचं बोलणंही ऐकू येतं. दातांना फक्त इंजिन कळतं."

मे महिन्यात बाबा त्या व्हॅनमध्ये माझ्या शेजारी बसले. अर्धा तास डॅशबोर्डवर हात ठेवून समोर बघत होते. शेवटी त्यांनी विचारलं, "इंजिन कुणी निवडलं?" मी मामांचं नाव सांगितलं. "भेटायला पायजे," बाबा म्हणाले, आणि सीट मागे करून निवांत झोपले. चालत्या गाडीत बाबांना झोपलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी दोघं बॉनेट उघडून तासभर उभे होते. मामांनी तो स्क्रूड्रायव्हर, ज्याला ते ओंकारलाही हात लावू देत नाहीत, बाबांना दिला. बाबांनी मूठ शर्टाला पुसली आणि काही न विचारता दातांत धरली. घरी आल्यावर मला म्हणाले, "मामांशी बोलताना समोर जाऊन बोलत जा. तोंडाकडं बघू दे त्यांना." मला वाटलं, वडीलधाऱ्यांशी कसं वागावं ते शिकवताहेत.

आता मी देशाच्या दुसऱ्या टोकाला, बेलव्ह्यूला नोकरी करतो. व्हॅन ओंकारकडे आहे. गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. मामींनी हट्टाने मामांना कानांच्या डॉक्टरकडे नेलं होतं. त्या बंद खोल्यांमध्ये त्यांचे दोन्ही कान कधीच गेले होते, माझी आणि त्यांची ओळख होण्याच्याही कितीतरी आधी. बाबांना ते एका तासात कळलं होतं आणि मला दोन वर्षांत कळलं नाही. माझी चुकलेली आकडेमोड आठवली, आणि तेव्हाचं त्यांचं "बरोबर आहे"ही.

कानांत यंत्रं बसवल्यावर मामांनी सगळ्यात आधी आमची व्हॅन मागवली, असं ओंकार सांगत होता. ती सुरू केली तर त्यांचा चेहरा पडला. "केवढी ओरडते रे ही. अशी नव्हती." मग त्यांनी दोन्ही यंत्रं काढून मामींच्या हातात दिली, कोटातून स्क्रूड्रायव्हर काढला, दातांत धरला आणि डोळे मिटले.

"हां," थोड्या वेळाने ओंकारला म्हणाले. "आहे तशीच आहे. त्याच्या वडिलांना कळव."