फोटोसमोर घुरघुरणारी गिटार

दहिवलीच्या आमच्या गायन पार्टीत सहदेवने बेस गिटार आणली आणि माझ्या डोक्याला ताप झाला. मी पेटी वाजवणारा, त्यामुळे ती घुरघुरायची ती माझ्याच कानाशी. सहदेव खोपोलीच्या कारखान्यात कामाला. मुंबईचा कुठलासा ऑर्केस्ट्रा मोडला, त्यातली ही गिटार त्याने त्र्याऐंशी साली घेतली. वाजवायचा झकास, त्याबद्दल वाद नाही. पण कार्यक्रमाच्या सुरुवातीला आम्ही सगळे बाबासाहेबांच्या फोटोकडे वळून, हात जोडून त्रिसरण म्हणायचो, आणि नेमकी तेव्हाच ही बया कोकलायची. घूंऽऽ! आवाजाचं बटण फिरवलं तर वर खरखर. वंदनेला वाद्य खाली ठेवायचं नाही, हा पार्टीचे प्रमुख कोंडीरामदादा यांचा दंडक.

दुरुस्त तरी किती करायची? वायर बदलली, सोल्डरिंगचे टाके नव्याने मारले. कोणी सांगितलं म्हणून सिगारेटच्या पाकिटांतली चांदी जमवून तिच्या पोटात चिकटवली. नेरळच्या रेडिओवाल्याकडे न्यावी तर तिथे ती मुकी. दवाखान्यात गेल्यावर ताप उतरावा तसं! "काय झालंय रं हिला? चांगली हाय की!" म्हणून तो सहदेवला वाटेला लावायचा.

शेवटी कोंडीरामदादा वैतागले. "सहदेव, खालापुरात बोंबलली ना, तर गिटार घरी ठेव आन खंजिरी घे हातात."

सहदेवचं तोंड एवढंसं झालं, कारण खालापूरच्या जयंतीला त्याची आई भीमाबाई पहिल्यांदाच येणार होती. पोरगा स्टेजवर उभा राहून वाजवतो म्हणजे कसा दिसतो, ते तिला बघायचं होतं.

ती पहिल्याच रांगेत बसली. आम्ही फोटोकडे वळलो, हात जोडले, आणि गिटार घुरघुरली. लोक चुळबुळ करू लागले. ती गिटार उचलून पाताळगंगेत भिरकावून द्यावी असं मला वाटलं.

तेवढ्यात लाइट गेली. लाउडस्पीकर बॅटरीवर होता आणि गिटारही त्यालाच जोडलेली, त्यामुळे माइक चालूच राहिला. गिटार मात्र गप्प! वंदना संपता संपता लाइट आली, फोटोवरची ट्यूब लुकलुकून पेटली, आणि पुन्हा घूंऽऽ.

"दादा, ही ट्यूब करतेय!" सहदेव ओरडला.

कपाळावर हात मारून घेतला मी. रेडिओवाल्याच्या दुकानात साधा बल्ब, गावोगावी फोटोवर ट्यूब, आणि आम्ही भक्तिभावाने गिटार तिच्यासमोर नेऊन उभे! खालापुरात तर स्टेज इतकं लहान की तिथली एकुलती ट्यूब सहदेवच्या डोक्यावरच आली होती. पाठ फिरवूनही घुरघुर थांबेना आणि सरकायला जागा नव्हती.

"मग काय, बाबासायबांचा फोटो अंधारात ठेवू?" कोंडीरामदादा कडाडले. ट्यूबच्या बटणाला हात लावायची कोणाची छाती होईना.

भीमाबाई उठली. "अंधारात कशापायी? म्होरं मेणबत्त्या हायेत की," म्हणाली आणि स्वतः जाऊन तिने बटण बंद केलं.

फोटो मेणबत्त्यांत उजळून दिसत होता. त्या उजेडाच्या बाहेर, स्टेजच्या काळोखात, सहदेवने पहिली तार छेडली. मागे घुरघुरीचा मागमूस नव्हता.

मी पेटीवरून पुढे वाकलो. "काकी, सहदेव दिसतोय का?"

"नाय दिसत रं," ती म्हणाली. "वाजवू दे त्याला."